सोड्याचा फेस ओसरल्यावर: लहान मुलांसोबत घरी विज्ञान करताना

रात्री नऊच्या सुमारास पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप येतो: ‘उद्या विज्ञान कृती. सोबत आणणे: एक रिकामी बाटली, खायचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग.’ कोपऱ्यावरचं दुकान बंद व्हायच्या आत कुणीतरी धावत जातं. दुसऱ्या दिवशी शाळेत ज्वालामुखी उसळतो, फोटो निघतात. संध्याकाळी ‘आज काय शिकलास?’ असं विचारलं की उत्तर मिळतं, ‘फसफस झालं!’

असे निरोप अलीकडे वाढले आहेत, त्याला कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा वयोगट ‘पायाभूत स्तर’ म्हणून एकत्र बांधला आणि या वयात शिकणं खेळातून, हाताने करून व्हावं असं सांगितलं. शाळांनी ते आपापल्या परीने उचललं, बाजाराने त्याहून जोरात. रंगीत खोक्यातली ‘सायन्स किट’ वाढदिवसाच्या भेटींत पुस्तकांच्या जागी आली. पालकांपुढे मात्र साधाच प्रश्न उरतो: पाच वर्षांच्या मुलाला विज्ञान ‘करायला’ द्यायचं म्हणजे नेमकं काय द्यायचं?

आमचं म्हणणं असं, की फेस उसळणं हा प्रयोग नव्हे, ती गंमत आहे. गंमत असायला हरकत नाही. पण तिचा प्रयोग व्हायचा असेल तर मुलाने आधी अंदाज सांगायला हवा, एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी आणि तेच पुन्हा करून पाहायला हवं. यासाठी लागणारं सगळं सामान स्वयंपाकघरात आहे.

चहा बिघडला तर आपण काय करतो?

समजा आज चहा नेहमीसारखा झाला नाही. उद्या तुम्ही साखर वाढवली, पावडर बदलली, आलं कमी केलं आणि दूधही दुसऱ्या डेअरीचं घेतलं. चहा छान झाला. पण कशामुळे? सांगता येणार नाही. ज्याला खरंच शोधायचं आहे तो बाकी सगळं तसंच ठेवून फक्त पावडर बदलेल, परवा फक्त आलं. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत मुळात हेच करतात. आपण मुद्दाम बदलतो त्या गोष्टीला पुस्तकात ‘चल’ म्हणतात. मुलाला हा शब्द सांगायची गरज नाही. ‘बाकी सगळं सारखं, फक्त हे वेगळं’ एवढं वाक्य पुरतं, आणि सात-आठ वर्षांची मुलं ते चटकन उचलतात. सारखं वाटप झालं नाही तर भांडायला आधीच तयार असतात ना, तीच न्यायबुद्धी इथे कामी येते. एका वाटीत बर्फाचे तीन खडे आणि दुसरीत दोन टाकून पाहा, ‘हे चीटिंग आहे’ असं मूलच सांगेल.

बर्फाला माकडटोपी घातली तर?

एकच कृती करायची असेल तर ही करा. हिला खर्च नाही, धोका नाही, आणि मोठी माणसंही इथे फसतात.

दोन सारख्या स्टीलच्या वाट्या घ्या. एकाच ट्रेमधले बर्फाचे तीन-तीन खडे दोन्हींत टाका आणि वर एकेक ताटली ठेवा. एक वाटी तशीच ओट्यावर. दुसरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोकरीच्या माकडटोपीत नीट गुंडाळा. दोन्ही सावलीत, शेजारी-शेजारी, पंख्याचा वारा लागायचा तर दोन्हींना लागेल अशा.

आता थांबा आणि विचारा: कुठला बर्फ आधी वितळेल? घरातल्या प्रत्येकाने ज्या वाटीवर भरवसा आहे तिच्यासमोर एक शेंगदाणा ठेवायचा, आजी-आजोबांनीसुद्धा. मतदान झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. बहुतेक मुलं टोपीतल्या वाटीपुढे शेंगदाणा ठेवतात, कारण टोपी गरम असते! हे चूक उत्तर मोलाचं आहे. ते ऐकून हसू नका, मान हलवू नका, ‘नीट विचार कर हं’ असंही म्हणू नका. मुलं आपल्या चेहऱ्यावरून उत्तर वाचण्यात पटाईत असतात.

अर्ध्या तासाने दोन्ही वाट्यांतलं वितळलेलं पाणी वेगवेगळं मोजा. खोकल्याच्या औषधासोबत २.५, ५, १० मिलीच्या खुणांची टोपी येते, ती धुऊन ठेवा. पुढच्या काही कृतींतही ती लागेल. उघड्या वाटीत पाणी जास्त निघतं. मग तीच माकडटोपी कोमट पाण्याच्या दोन पेल्यांपैकी एकाला घालून पाहा. या वेळी टोपीतलं पाणी जास्त वेळ कोमट राहतं. म्हणजे टोपीने बर्फ थंड ठेवला आणि पाणी गरम ठेवलं! इथे मुलं खरी बुचकळ्यात पडतात.

खुलासा असा: टोपीला स्वतःची ऊब नसते. ती सोसायटीच्या वॉचमनसारखी आहे. बाहेरच्याला आत सहज सोडत नाही आणि आतल्याला बाहेर जाऊ देत नाही. लोकरीच्या धाग्यांमध्ये अडकलेली हवा उष्णतेची ये-जा मंदावते. आपल्या डोक्यावर असते तेव्हा ती आपलीच उष्णता अडवते, म्हणून ‘टोपी गरम’ असं वाटतं. बर्फाच्या लाद्या भुशात आणि गोणपाटात का ठेवतात, हेही मुलाला आता विचारता येईल.

काय बिघडतं? प्लॅस्टिकची पिशवी विसरली की टोपी भिजते. ओल्या लोकरीत हवेची जागा पाणी घेतं आणि मग ती उष्णता नीट अडवत नाही. दुसरी चूक दर दोन मिनिटांनी टोपी उघडून बघण्याची. हे रोखणं अवघड आहे हे मान्य, म्हणून घड्याळाचा गजर लावा आणि मधल्या वेळात खाली खेळायला पाठवा.

ज्वालामुखी करायचाच, तर मोजून करू

आता त्या फसफशीकडे वळू. सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो, त्याचे बुडबुडे म्हणजे फेस. हा वायू फुग्यात पकडला की तो मोजता येतो.

अर्धा लिटरची अरुंद तोंडाची बाटली घ्या. तिच्यात ५० मिली पांढरं व्हिनेगर ओता, म्हणजे औषधाच्या १० मिलीच्या टोपीने पाच वेळा. कागदाचा शंकू करून फुग्यात पाव चमचा खायचा सोडा भरा. चमचा ५ मिली मापाचाच हवा, पोह्यांच्या चमच्याने हिशेब चुकतो. फुग्याचं तोंड बाटलीवर चढवा, मग फुगा उभा करून सोडा खाली पडू द्या. फेस थांबला की फुग्याच्या पोटाभोवती दोरा गुंडाळा आणि तेवढा कापून भिंतीला चिकटवा. बाटली धुऊन हेच अर्धा चमचा, एक चमचा आणि दोन चमचे सोडा घेऊन करा. व्हिनेगर दर वेळी ५० मिलीच.

पहिले दोन दोरे वाढत जातात. तिसरा आणि चौथा जवळजवळ सारखे निघतात. दोन चमचे टाकूनही फुगा वाढला नाही, उलट बाटलीच्या तळाशी पांढरा सोडा तसाच पडून राहिला. मुलाला हे अन्यायकारक वाटतं. त्याला वडापावाचं उदाहरण द्या. वडे दहा असोत की वीस, पाव सहाच असतील तर वडापाव सहाच होणार. इथे व्हिनेगर म्हणजे पाव, आणि तो संपला आहे. खात्री करायची असेल तर तळाशी उरलेल्या सोड्यावर थोडं नवं व्हिनेगर ओता. पुन्हा फेस येतो.

आकडे बिघडण्याची कारणं ठरावीक आहेत. एकदा फुगलेला फुगा दुसऱ्यांदा सहज फुगतो, म्हणून चारही फुगे एकाच पाकिटातले घ्या आणि सगळे आधी एकदा तोंडाने फुगवून सोडून द्या. सोड्याऐवजी बेकिंग पावडर आणली गेली तर फुगा मलूल राहतो, कारण तिच्यात सोडा थोडाच असतो, बाकी मैद्यासारखा पिष्टमय पदार्थ आणि कोरडं आम्ल. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस चालतो, पण लिंबं किती आंबट यावर निकाल हेलकावतो.

एक पक्का नियम: सोडा-व्हिनेगर असलेल्या बाटलीला झाकण कधीही लावायचं नाही. वायूला वाट मिळाली नाही तर बाटली फुटते किंवा झाकण डोळ्यावर उडतं. फुग्याचे फाटलेले तुकडे लगेच उचला, ते लहान मुलांच्या घशात अडकतात.

राहता राहिला ‘ज्वालामुखी’ हा शब्द. खरा ज्वालामुखी सोडा-व्हिनेगरने चालत नाही. तिथे जमिनीखालचा वितळलेला खडक आणि त्यात कोंडलेले वायू वर येतात. मुलाला खरा ज्वालामुखी दाखवायचा असेल तर पुणेकरांना त्यासाठी प्लॅस्टिकचा डोंगर लागू नये, आपण त्याच्यावरच राहतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरले आणि गोठले, तोच आपला काळा पाषाण, बेसाल्ट. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर लेणं त्याच खडकात खोदलेलं आहे. सिंहगडाच्या वाटेवर समोरचे कडे पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात, ते हे थर. आणि हा बराचसा लाव्हा चित्रातल्यासारख्या शंकूतून नव्हे, तर जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून आला. एका रविवारी पाताळेश्वरच्या भिंतीला हात लावून हे सांगितलं, तर लाल रंगाची फसफस करण्यापेक्षा ते अधिक लक्षात राहील.

टँकरचं पाणी आणि साबणाचा फेस

पुण्यात ही कृती विशेष रंगते, कारण अनेक सोसायट्यांत दोन-तीन प्रकारचं पाणी येतं. महापालिकेचं धरणाचं, बोअरचं, टँकरचं, आणि शिवाय फिल्टरचं. एकसारख्या तीन पारदर्शक बाटल्यांत प्रत्येकी १०० मिली वेगवेगळं पाणी घ्या. आंघोळीच्या साबणाचा चमचाभर कीस थोड्या कोमट फिल्टरच्या पाण्यात विरघळवून ठेवा आणि त्यातलं ५ मिली प्रत्येक बाटलीत टाका. इथे झाकण लावायला हरकत नाही. प्रत्येक बाटली मोजून २० वेळा हलवा आणि फेसाची उंची पट्टीने मोजा.

आरओ फिल्टरच्या पाण्यात फेस उंच येतो. बोअरच्या पाण्यात तो बुटका राहतो आणि पाणी दुधाळ होतं, वर पांढरी साय धरते. ते पाणी जमिनीखालच्या खडकातल्या भेगांतून झिरपत येतं आणि वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेतं. साबण आधी त्या क्षारांशी झुंजण्यात खर्च होतो, फेसासाठी उरतोच कमी. अशा पाण्याला आपण ‘जड पाणी’ म्हणतो. गिझरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थर, नळाच्या तोंडावरचे डाग, राठ झालेले केस हे सगळं त्याचंच.

साबण मात्र वडीचाच घ्या. भांड्यांचं लिक्विड किंवा शांपू घेतला तर तिन्ही बाटल्यांत सारखाच फेस येईल आणि सगळी मेहनत पाण्यात जाईल. ती कृत्रिम द्रव्यं असतात, जड पाण्याला ती फारशी जुमानत नाहीत.

हळदीचा डाग लाल का होतो?

वरणाचा डाग पडलेल्या शर्टावर साबण घासला की डाग लालभडक होतो, हे घराघरात माहीत आहे. हळदीतलं रंगद्रव्य आम्लारीच्या संपर्कात लाल होतं. आम्लारी म्हणजे आंबट पदार्थांच्या उलट स्वभावाचे, बुळबुळीत लागणारे पदार्थ: साबण, धुण्याचा सोडा, चुना.

एक चमचा हळद तीन चमचे पाण्यात कालवून साध्या कोऱ्या कागदावर फासा आणि सावलीत वाळवा. पट्ट्या कापा. साबणाचं पाणी, लिंबूरस, ताक, खायच्या सोड्याचं पाणी, साधं पाणी यांचा एकेक थेंब टाका. साबणाने पट्टी लाल होईल, खायच्या सोड्याने जेमतेम नारिंगी. लाल डागावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. मुलं हाच भाग दहादा करतात, करू द्या. लिंबू आणि ताक टाकून मात्र काहीच होत नाही, कारण हळद आम्ल ओळखत नाही. त्यासाठी लाल जास्वंदीच्या पाच-सहा पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. ते पाणी लिंबाने गुलाबी आणि साबणाने हिरवट होतं. लिक्विड हँडवॉशने पट्टी लाल झाली नाही तर गोंधळू नका, त्यातली बरीच त्वचेला सोसावीत म्हणून मुद्दाम सौम्य केलेली असतात.

चुना मात्र मुलांच्या हातात अजिबात द्यायचा नाही, पानाच्या डबीतला किंवा पुडीतला सुद्धा. पुडी दाबली की तो डोळ्यात उडतो आणि बुबुळ भाजतं. चुकून गेलाच तर चोळू नका. भरपूर स्वच्छ पाण्याने सलग डोळा धूत राहा आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.

मूग, मटकी आणि गणंग

मोड आणणं हे आपल्याकडे विज्ञान नसून उद्याची उसळ असते. पण त्यात एक उत्तम प्रयोग दडलेला आहे. रात्री मूग आठ तास भिजवा. सकाळी चार वाट्यांत दहा-दहा दाणे ठेवा. पहिलीत ओल्या फडक्यावर, झाकून. दुसरीत तसेच ओल्या फडक्यावर, पण फ्रिजमध्ये. तिसरीत पूर्ण पाण्याखाली. चौथीत ओल्या फडक्यावर, पण झाकण न ठेवता खिडकीच्या उजेडात. सकाळ-संध्याकाळ मोड फुटलेले दाणे मोजून भिंतीवरच्या कागदावर रेघा मारा. फडकी वाळू देऊ नका. चौथी वाटी लवकर वाळते, तिच्यावर लक्ष ठेवा, नाहीतर ‘उजेडात मोड येत नाहीत’ असा भलताच निष्कर्ष निघेल.

दोन दिवसांत पहिल्या आणि चौथ्या वाटीत मोड डोलू लागतात. फ्रिजमधले दाणे झोपलेलेच असतात. पाण्याखालचे सगळ्यात बोलके: काहींना मोड फुटायला लागतो, मग थांबतो, आणि तिसऱ्या दिवशी वास येतो. दाण्याला पाणी हवं तसा श्वासही घ्यायचा असतो, आणि पाण्याखाली त्याला हवा पुरत नाही. कुंडीत रोज बदाबदा पाणी ओतलं तर झाड का मरतं, याचं उत्तर इथेच आहे. उजेडाची मात्र मोड यायला गरज नाही. दाणा पहिले काही दिवस डब्यातली शिदोरी खातो, उजेड पुढे पानं आल्यावर लागतो.

एक दाणा का नाही, दहा का? कारण गणंग. कितीही भिजवला तरी कडकच राहणारा दाणा प्रत्येक पसाभर धान्यात एखादा असतो. वाटीत एकच दाणा ठेवला आणि नेमका तोच गणंग निघाला तर मूल म्हणेल, फडक्यावर मोड येत नाहीत. दहांपैकी नऊ फुटले तर एका गणंगाने निकाल फिरत नाही. मोठ्या प्रयोगांत शेकडो नमुने का घेतात, ते हेच.

डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा रात्री १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा एखादा दिवस जास्त लागेल. फडक्याची पुरचुंडी रिकाम्या कुकरमध्ये किंवा पोळ्यांच्या डब्यात ठेवायची घरची रीत असेल, तर ती का, हे मुलाने आजीला विचारावं. पहिल्या वाटीतले मोड नंतर खा, तिसऱ्या वाटीतले टाका.

‘एवढं समजावून सांगितलं, तरी त्याचं आपलं तेच!’

ही तक्रार खरी असते, आणि यात मुलाचा दोष नसतो. दोन सारख्या पेल्यांत सारखं ताक घ्या. मुलाकडून ‘दोन्ही सारखं’ असं वदवून घ्या. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातलं ताक उंच, अरुंद ग्लासात ओता. आता जास्त कुठे? चार-पाच वर्षांचं मूल बिनदिक्कत म्हणेल, उंच ग्लासात. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी अशा कृतींतून दाखवलं, की लहान मुलाचा विचार हा मोठ्यांचाच विचार अपुरा राहिलेला नसतो, तो वेगळ्याच धाटणीचा असतो. साधारण सातव्या वर्षाच्या आसपास हे उत्तर बदलतं, आणि ते भाषण देऊन बदलत नाही, ओतून-ओतून बदलतं.

म्हणून वयाप्रमाणे अपेक्षा ठेवा. तीन-चार वर्षांच्या मुलाला परातीत पाणी, गाळणी, वाट्या, स्पंज आणि अर्धा तास द्या, प्रश्न विचारू नका. पाच-सहाला अंदाज सांगता येतो आणि दोन गोष्टींची तुलना करता येते. सात-आठला ‘एकच बदल’ हा नियम पाळता येतो आणि मोजमाप लिहून ठेवता येतं.

‘का?’ हा प्रश्न मोठ्यांनी जपून वापरावा, असं आमचं मत आहे. ‘का झालं सांग बरं?’ म्हटलं की मूल परीक्षेला बसल्यासारखं गप्प होतं किंवा ठोकून देतं. त्याऐवजी ‘काय दिसलं?’, ‘मघापेक्षा काय वेगळं?’, ‘आणि हे केलं तर?’ असं विचारा. कारण सांगायची घाई नको. बर्फाचं कारण तिसऱ्या दिवशी शाळेच्या रिक्षात सुचलं तरी चालतं.

‘मलाच उत्तर माहीत नसेल तर?’

उत्तमच. ‘मलाही माहीत नाही, करून बघू या’ हे वाक्य खोटं न बोलता म्हणता येईल. अडचण उलट बाजूने येते. ज्यांना उत्तर येतं ते पहिल्याच मिनिटाला सांगून टाकतात आणि खेळ संपवतात. ‘घनता’ हा शब्द पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडी बसवून काही साधत नाही. संत्रं सालासकट तरंगतं आणि सोललं की बुडतं, हे त्याने पाहिलं आणि त्याला नवल वाटलं, की पाया पडला. (संत्र्याच्या मधल्या पोकळीत हवा राहिली तर सोललेलंही तरंगतं. फोडी सुट्या करून टाका.)

व्हिडिओ दाखवला तर नाही का भागत?

व्हिडिओत सगळं पहिल्या फटक्यात जमतं, हीच त्याची खोट. फुगा निसटत नाही, टोपी भिजत नाही, गणंग निघत नाही. बिघडलं कशामुळे हे शोधताना जे शिकणं होतं, ते संकलनात कापलेलं असतं. आपण आधी करून बघितल्यावर, दुसऱ्यांनी कसं केलं हे पाहायला व्हिडिओ जरूर वापरा.

पसाऱ्याचं म्हणाल तर सगळं एका मोठ्या परातीत करा, खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा आणि पुसायचं फडकं सुरुवातीलाच मुलाच्या हातात द्या. आवरणं हा कृतीचाच भाग. आठवड्यातून एक कृती पुष्कळ झाली.

किट घ्यावं का, आणि काय टाळावं?

तीन हजारांच्या खोक्यात बऱ्याचदा सोडा, आम्लाची पूड, रंग, फुगे आणि एक चष्मा असतो. यातलं काय घरात नव्हतं? भिंग, ड्रॉपर, चांगली मोजपट्टी यांवर पैसे खर्च करा, ते वर्षानुवर्षं पुरतात. सुटे दिवे, वायर, छोट्या मोटारी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतात, पण ते आठ वर्षांनंतर.

आणि काही गोष्टी घरी आणायच्याच नाहीत. बटणाएवढे चपटे सेल: गिळले तर अन्ननलिका आतून भाजते, आणि त्याला काही तासच पुरतात. मण्यांसारखी छोटी, फार जोरकस चुंबकं: दोन गिळली तर आतड्याच्या भिंतींतून एकमेकांना चिकटतात. पाण्यात फुगणारे रंगीत मणी: पोटातही फुगतात. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच ‘बघू काय होतं’ म्हणून कधीच एकत्र करू नका, विषारी वायू निघतो.

अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुनी वर्तमानपत्रं अशा वस्तूंतून शेकडो विज्ञान-खेळणी उभी केली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांच्या कृती मोफत आहेत, मराठीतही.

सावली गायब होते तो दिवस

शेवटच्या कृतीला सामान म्हणून फक्त खडू आणि एक उभी बाटली. गच्चीत सकाळी नऊला बाटली ठेवा, तिच्या बुडाभोवती आणि सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा. बाटली त्याच जागी ठेवून साडेबारा आणि चार वाजता पुन्हा खुणा करा. पुढची खूण करण्याआधी ‘आता सावली कुठे पडेल?’ असं विचारून मुलाला तिथे उभं राहू द्या. बहुतेकदा ते चुकीच्या बाजूला उभं राहतं. दोन-तीन दिवसांत बरोबर बाजूला उभं राहू लागतं, कुणी न सांगता.

पुणे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा इथे अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली लपते. दिल्लीच्या मुलांना हे कधीच दिसत नाही, सूर्य तितक्या उत्तरेला पोहोचतच नाही. पुण्यातला दिवस १३-१४ मेच्या सुमारास येतो, वेळ दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांच्या आसपास. बारा वाजता नाही, कारण आपलं घड्याळ पुण्यापेक्षा बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेलं आहे. दुसरा दिवस जुलैच्या अखेरीस येतो, पण तेव्हा पुण्यावर ढग असतात, त्याच्यावर विसंबू नका. मेमध्येच उरकून घ्या. सव्वाबाराला गच्चीवर जा, सोबत पाणी असू द्या, आणि चपला घालायला विसरू नका, फरशी भाजते. वर सूर्याकडे बघायचं नाही, खाली बाटलीच्या बुडाशी बघायचं.